कापूस न पिकविण्याचे पैसे

शेतकऱ्यानें पीक काढावें आणि त्याचे पैसे घ्यावे, हा व्यवहार कोणासही समजतो. परंतु पीक न काढल्याबद्दल सरकारनें त्यास पैसे द्यावे, हें ऐकून श्रोत्यांना प्रथम थोडें हसूंच येईल. अमेरिकेंत १९३३ सालीं नेमकें असेंच घडलें. त्या पैशांची वाट पाहावयाची तर आर्कन्सा संस्थानांतील पॉइन्सेट नांवाच्या कौंटींत गेलें पाहिजे. कौंटी म्हणजे साधारणतः आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा विभाग.

कापसाचा भाव १९२९ सालीं पौंडास सुमारें १७ सेंट होता; १९३२ सालीं तो साडेसहा सेंटांवर घसरला. माल उदंड, गिऱ्हाईक नाहीं. तेव्हां १२ मे १९३३ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं नव्या शेतकी कायद्यावर सही केली. लागवड कमी करावी म्हणजे भाव चढेल, आणि रिकाम्या राहिलेल्या जमिनीची भरपाई गिरण्यांवरील करांतून द्यावी, अशी ती योजना होती. पण पेरणी होऊन गेली होती! म्हणून सुमारें एक कोटी एकरांतील उभा कापूस नांगरून टाकण्यांत आला. सरीवर पाय न देण्याची जन्मभर शिकवण मिळालेलीं खेचरें त्या पिकांत पाऊल टाकीनात, असें सांगतात.

आतां पैसे कोणाचे? पॉइन्सेटमध्यें जमीन मळेवाल्यांची असे आणि ती कसणारीं कुळें अर्धेलीनें राबत. घर, खेचर, अवजारें मालकाचीं, अंगमेहनत कुळाची, पीक निम्मेंनिम. वर्षाचें वाणसामानहि बहुधा मालकाच्याच दुकानांतून उधारीनें येई. १९३४ च्या करारान्वयें पौंडामागें साडेतीन सेंट जमिनीच्या भाड्यादाखल मिळत, ते सर्व मालकाचे. भावाची तूट भरून काढणारा जो एक सेंट, त्यांतील अर्धा कुळाचा. एकूण हिशेब मालकास चार, कुळास अर्धा!

तेवढ्यानें भागलें नाहीं. जमीन कमी कसावयाची तर इतकीं कुळें हवींत कशाला? ‘शक्य तोंवर’ पूर्वींचीं कुळें ठेवावीं असें करारांत होतें खरें. पण त्या दोन शब्दांच्या फटींतून कित्येक कुटुंबें बिऱ्हाडासह रस्त्यावर आलीं. गाऱ्हाणें न्यावें तर स्थानिक कमिट्यांवर वजन मळेवाल्यांचेंच.

जुलै १९३४ मध्यें टायरोन्झा गांवाजवळ अकरा गोरे व सात काळे शेतकरी एकत्र बसले आणि त्यांनीं कुळांचा संघ काढला. त्या मुलखांत दोघांनीं एका सभेंत बसणें हेंच मोठें धाडस होतें. संघ कोर्टांत गेला. पण करार सरकार व मालक यांच्यामधला, कुळें त्यांत पक्षकार नाहींत, असा निकाल लागला. वॉशिंग्टनमधील कांहीं सरकारी वकिलांनीं कुळांच्या बाजूनें अर्थ लावला, तर फेब्रुवारी १९३५ मध्यें त्यांनाच घरीं जावें लागलें.

६ जानेवारी १९३६ रोजीं सुप्रीम कोर्टानें योजनाच रद्द केली, पण ती कुळांसाठीं नव्हे, कराच्या मुद्यावर. पुढील कायद्यांत कुळाचा वाटा वाढला, तेव्हां कित्येक मालकांनीं कुळेंच काढून रोजंदारीचे मजूर लावले व ट्रॅक्टर आणले.

संघाचे पुढारी टायरोन्झा येथें ज्या कपडे धुण्याच्या दुकानांत जमत, तेथें २००६ सालीं त्या चळवळीचें संग्रहालय उघडण्यांत आलें.