नाणारचा करार आणि तेलाची मुत्सद्देगिरी

जालन्याच्या मोंढ्यात कापूस आणि मोसंबी घेऊन येणारा ट्रक ज्या डिझेलवर चालतो, ते ज्या खनिज तेलापासून शुद्ध केले जाते त्याच्या देशाच्या गरजेपैकी 80 टक्क्यांहून अधिक भाग आयात होत असल्याने, तेल विकणाऱ्या राष्ट्रांशी असलेले संबंध हा भारताच्या परराष्ट्र धोरणाचा गाभा ठरतो. हे संबंध एकतर्फी नसतात. खरेदीदाराला पुरवठ्याची जशी चिंता असते, तशीच विक्रेत्याला हक्काच्या बाजारपेठेची असते, आणि या दुसऱ्या चिंतेकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील नाणारचा नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्प तिचे ठळक उदाहरण आहे. वर्षाला 6 कोटी टन क्षमतेच्या या प्रकल्पासाठी एप्रिल 2018 मध्ये सौदी अरामको या सरकारी तेल कंपनीने सामंजस्य करार, म्हणजे सहकार्याची प्राथमिक संमती, केला. जूनमध्ये अबुधाबीची ॲडनॉक ही तेल कंपनी त्यात सामील झाली, तेव्हा त्या समारंभास संयुक्त अरब अमिरातीचे परराष्ट्रमंत्री स्वतः उपस्थित होते. प्रकल्पाला लागणारे निम्मे तरी खनिज तेल या भागीदारांनी पुरवावे, अशी योजना होती.

मात्र राजधान्यांत जुळलेले हे गणित आंबा-काजूच्या बागा आणि मासेमारी जपू पाहणाऱ्या गावांना विश्वासात न घेता मांडले गेले होते, हा त्यातील मूलभूत दोष होय. स्थानिकांच्या तीव्र विरोधानंतर राज्य सरकारने मार्च 2019 मध्ये नाणारची भूसंपादन अधिसूचना रद्द केली.