शाहीर पठ्ठे बापूराव

आज सांगली जिल्ह्यात असलेले रेठरे हरणाक्ष हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या गावी १८६६ साली एका ब्राह्मण कुळात श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. गावचे दप्तर लिहिण्याचे वतन घरी पिढीजात होते. परंतु श्रीधरपंतांचे मन हिशेबापेक्षा ढोलकीच्या थापेकडेच अधिक ओढ घेई. अखेर वतनाचा मोह सोडून ते तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव या नावाने महाराष्ट्राला परिचित झाले.

तमाशाचा आरंभ गणेशस्तवनाच्या गणाने होतो. पुढे गौळण, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे संवाद व गाणी यांतून रंगणारी कथा, येते. बापूराव कवने स्वतः रचीत आणि स्वतः गातही. 'मिठाराणी' हा त्यांचा वग विशेष गाजला.

त्यांच्या फडात पवळा ही गुणी कलावती होती. ती त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातली. शिवाशिवीच्या त्या दिवसांत तिच्यासह रंगमंचावर उभे राहणे म्हणजे स्वजनांचा रोष ओढवून घेणेच होते. बापूरावांनी तो पत्करला. कलेला जात नसते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

हजारोंना रिझविणारा हा शाहीर १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत निवर्तला. मुलांनो, वतनाचे दप्तर केव्हाच मिटले; बापूरावांची लावणी मात्र अजून ढोलकीवर घुमते आहे.