डिस्क ब्रेकचा लिव्हर : स्क्रू फिरवण्याआधी कारण शोधा

सायकल दुरुस्तीच्या धंद्यात ब्रेकचे काम म्हणजे पूर्वी दोनच गोष्टी असत : रबर बदलणे आणि तार किंवा रॉड ताणणे. आता धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब येथल्या मिस्त्रींपुढे गिअरच्या, जाड टायरच्या सायकली येऊ लागल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळांची डिस्क तारेवर चालते. पण काही महागड्या सायकलींना मोटारसायकलसारखा तेलावर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतो. अशा गिऱ्हाईकाची तक्रार बहुधा एकच असते, "लिव्हर मऊ लागतो, हँडलपर्यंत येतो." मिस्त्री लिव्हरवरचा छोटा स्क्रू फिरवून देतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि पुढच्या उतारावर ब्रेक दगा देतो. हे का घडते आणि योग्य काम कसे करावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

ब्रेक चालतो कसा?

लिव्हरमध्ये एक लहान पिस्टन व तेलाची टाकी असते. लिव्हर दाबला की पिस्टन तेल ढकलतो. तो दाब पाइपमधून चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये जातो आणि तेथील पिस्टन दोन्ही पॅड डिस्कवर दाबतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून तेलात हवेचा बुडबुडा शिरला की हाताची ताकद बुडबुडा दाबण्यातच खर्च होते व लिव्हर स्पंजासारखा लागतो.

स्क्रू काय करतो, काय करत नाही

बहुतेक लिव्हरवर असलेला स्क्रू किंवा गोल बटण लिव्हर आणि हँडल यांतील अंतर ठरवते. लहान हातांच्या मुलासाठी लिव्हर जवळ आणायचा, मोठ्या माणसासाठी लांब करायचा, एवढेच त्याचे काम. त्याने ब्रेकची ताकद वाढत नाही. लिव्हर किती दाबल्यावर पॅड लागावेत हे ठरवणारा वेगळा स्क्रू काही महाग ब्रेकना असतो, पण त्याचा परिणामही थोडाच असतो. हवा शिरलेल्या ब्रेकला या दोन्ही स्क्रूंचा उपयोग नाही. दोष झाकला जातो, जात नाही.

आधी तपासणी

एक, लिव्हर भराभर चार-पाच वेळा दाबा. प्रत्येक वेळी तो घट्ट होत गेला, तर बहुधा तेलात हवा आहे किंवा पॅड डिस्कपासून फार लांब गेले आहेत. दोन, लिव्हर दाबून मिनिटभर धरा. तो हळूहळू आत जात असेल तर कुठे तरी गळती आहे. जोड, पाइप व कॅलिपर कोरड्या फडक्याने पुसून पाहा. तीन, पॅड पाहा. शिमानो कंपनी पॅडचा थर ०.५ मिलिमीटर उरला की तो बदलावा असे सांगते. तिची १.८ मिलिमीटरची डिस्क झिजून १.५ वर आली की तीही बदलावी लागते. चार, चाक फिरवून डिस्क डुलते का पाहा. वाकडी डिस्क पॅडना मागे ढकलते आणि लिव्हरचा प्रवास वाढतो.

कॅलिपर सरळ नसेल तर त्याचे दोन्ही बोल्ट किंचित सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पुष्कळ तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

उलटी सायकल आणि रिकामे चाक

आपल्याकडे पंक्चर काढताना सायकल सीटवर उलटी ठेवण्याची सवय आहे. तेलाच्या ब्रेकला ही सवय घातक ठरते. टाकीत थोडी हवा असली, तर उलट्या सायकलीत ती पाइपमध्ये उतरते. सायकल दोरीने टांगून किंवा स्टँडवर लावून काम करावे. उलटी करावीच लागली, तर नंतर सरळ उभी करून लिव्हर तपासल्याशिवाय ती देऊ नये.

तसेच चाक काढल्यावर लिव्हर दाबू नये. पॅड एकमेकांजवळ येतात, मग डिस्क आत जात नाही. मधे पुठ्ठ्याची घडी ठेवावी. पॅड जवळ आलेच, तर प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या चपट्या तुकड्याने हळूच मागे सारावेत, लोखंडी पेचकसाने नव्हे.

तेलाची चूक सर्वांत महाग

मोटारसायकलच्या कामासाठी डॉट-४ तेल आपल्या फळीवर असतेच. पण शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांच्या सायकल ब्रेकना खनिज तेल लागते. त्यात डॉट तेल घातले की रबरी सील खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो. उलट डॉटच्या ब्रेकमध्ये खनिज तेल घातले तरी तेच होते. स्रॅमच्या जुन्या ब्रेकना डॉट तेल लागते, तर २०२२ नंतरच्या काही ब्रेकना खनिज तेल. म्हणून नावावर न जाता लिव्हरवर छापलेले वाचा. वाचता आले नाही तर तेल घालू नका.

डॉट तेल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट-४ किमान २३० अंशांवर उकळते, ओलावा धरल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरते. लांब उतारावर ब्रेक तापला की वाफ होते आणि लिव्हर रिकामा जातो. म्हणून उघडलेली जुनी बाटली वापरू नये.

हवा काढताना पॅड व चाक बाजूला ठेवून पिस्टनमध्ये लाकडी ठोकळा बसवावा आणि पिचकारीने खालून तेल भरून बुडबुडे वर टाकीत आणावेत. तेलाचा थेंबही पॅडवर पडता कामा नये. तेल शोषलेला पॅड टाकूनच द्यावा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, रॉकेलने नव्हे. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून वीस-तीस वेळा, चाक लॉक न करता, ब्रेक लावून ते डिस्कवर बसवून घ्यावेत.

धंदा आणि अमानत

पिचकारी, खनिज तेल, अ‍ॅलन पान्यांचा संच आणि पॅडच्या दोन-चार जोड्या एवढे साहित्य ठेवले, तर हे काम सोलापूर-लातूरला जाण्याचे कारण नाही. मात्र कॅलिपर सरळ करण्याचे दाम वेगळे आणि हवा काढण्याचे वेगळे घ्यावे, आणि काय केले ते गिऱ्हाईकाला सांगावे.

दुकानात आलेली सायकल ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. मापतोलात कसूर न करण्याची ताकीद जशी व्यापाऱ्याला आहे, तशी ती कारागिरालाही आहे. त्याचे माप म्हणजे त्याचे काम. तुळजापूरच्या किंवा येडशीजवळच्या रामलिंग घाटातून एखादे पोर आपण दुरुस्त केलेल्या ब्रेकच्या भरवशावर उतरते. नुसता स्क्रू फिरवून घेतलेले पैसे आणि दोष शोधून केलेल्या कामाचे पैसे मोजायला सारखे असतील, हलाल रोजीच्या हिशेबात सारखे नाहीत. लिव्हर आधी स्वतः दाबून पाहावा, थोडे अंतर स्वतः चालवून पाहावे आणि मगच सायकल हवाली करावी.