विरारच्या फ्लॅटमध्ये स्पिंडल सँडर घ्यायचाय? आधी हे बघा

पाटाच्या कडेचं वळण, खुर्चीचा बाक, खेळण्यातल्या घोड्याची मान... आतल्या गोलाईला हाताने पॉलिश पेपर मारून बोटं भरून येतात ना? त्यासाठीच हे मशीन. यातला ड्रम फिरता फिरता वर-खालीही होतो. त्यामुळे लाकूड एकाच रेषेत घासून जळत नाही आणि पेपरही सगळ्या उंचीवर सारखा झिजतो.

घेताना काय बघाल?

✅ ड्रम: साधारण अर्धा ते तीन इंच असे वेगवेगळे हवेत. वळणात बसेल तेवढा मोठा ड्रम घ्या, फार लहान घेतला तर लाकडात खळगे पडतात.

✅ पेपरच्या नळ्या: 80, 120, 150 ग्रिट त्याच मापात इथे मिळतात का, हे आधी विचारा.

✅ वीज: अमेरिकेहून कुणी 120 व्होल्टचं मशीन आणत असेल तर थांबा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, 50 हर्ट्झचे 60 करत नाही. इंडक्शन मोटर असेल तर ती हळू फिरते, तापतेही.

✅ टेबल: बिडाचं असेल तर कंप कमी, पण आपल्या खाऱ्या दमट हवेत गंज लवकर धरतो. वरचेवर मेण चोळा.

✅ धूळ: व्हॅक्यूमची नळी जोडता आली पाहिजे, वर मास्कही हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक मानली जाते.

काम क्वचितच असेल तर ड्रिल प्रेसला सँडिंग ड्रम लावून भागतं; फक्त हात हलका ठेवा, आडव्या दाबाने बेअरिंग जातं.

तुम्ही कोणतं वापरताय? कमेंटमध्ये सांगा.