दीड टनाचा हिशोब

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलच्या बाजारपेठेत कुणाही पिकअपवाल्याला गाडीबद्दल विचारा, तो आधी पासिंग सांगतो, म्हणजे गाडीत किती माल भरायची परवानगी आहे ते. साल, मॉडेल, हप्ते किती राहिले, हे सगळं नंतर. कुणाची गाडी सव्वा टन पासिंगची, कुणाची दीड, कुणाची सतराशे किलोची. कागदावर लिहिलेला हा आकडा म्हणजे त्या घराचं शेत. त्यातून जे पिकेल त्यावर वर्ष काढायचं.

आपण मधला आकडा घेऊ, दीड टन. म्हणजे पन्नास किलोची तीस पोती किंवा टोमॅटोच्या वीस किलोच्या पंच्याहत्तर जाळ्या. हाच माल डोक्यावरून न्यायचा ठरवला तर प्रत्येकी तीस किलो उचलणारी पन्नास माणसं लागतील. हरसूलहून वाघेरा घाट चढून, गिरणारे मागे टाकून नाशिक गाठायला पन्नास-पंचावन्न किलोमीटर पडतात. ओझ्यासकट चालत दोन दिवसांची मजल. हौद्याचा फाळका लावला, ताडपत्री ओढली, दोर आवळला की एकटा ड्रायव्हर तेच काम पहाटेच्या दोन तासांत करतो.

आता हे माप देशाला लावून बघू. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे ४६० कोटी टन माल इकडून तिकडे जातो आणि त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास रस्त्याने. रेल्वे, जहाज सगळं बाजूला ठेवून हा सगळा माल दीड टनाच्या पिकअपमध्ये भरायचा म्हटलं, तर वर्षाला ३०० कोटींहून जास्त खेपा होतात. दिवसाला ८४ लाख. सेकंदाला ९७. हे वाक्य वाचेपर्यंत तीन-चारशे गाड्या भरून निघाल्यासुद्धा.

द्राक्षांचंच घ्या, कारण हरसूल-पेठ पट्ट्यातली कितीतरी माणसं हंगामात नाशिकच्या द्राक्षबागांवर कामाला जातात. २०२३-२४मध्ये भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षं निर्यात झाली आणि त्यात नाशिक जिल्ह्याचा वाटा सिंहाचा. या द्राक्षांच्या पिकअप मोजल्या तर सव्वादोन लाखांच्या पुढे जातात. पाच मीटरची एक गाडी धरून त्या एकीला एक चिकटून उभ्या केल्या, तर रांग साडेअकराशे किलोमीटरची होते. नाशिकहून निघालेली ही रांग बंगळूर ओलांडून पुढे जाईल.

आणि पाऊस? त्र्यंबकेश्वर तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका हेक्टरवर दोन हजार मिलिमीटर म्हणजे दोन कोटी लिटर, वीस हजार टन पाणी. पिकअपच्या तेरा हजारांवर खेपा आणि त्या फक्त एका हेक्टराच्या. एवढं पाणी चार महिन्यांत डोळ्यांदेखत दमणगंगेच्या खोऱ्यात उतरून गुजरातेकडे जातं. मे महिन्यात त्याच डोंगरावरच्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. हौद्यात प्लास्टिकची टाकी ठेवून हजार लिटर पाणी चढवणारी पिकअप मला दिसते, तेव्हा हा तेरा हजारांचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

आता घाटाकडे वळू. धंद्याचा खरा हिशोब तिथेच होतो. गाडीचं स्वतःचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, त्यात दीड टन माल, म्हणजे सव्वातीन टन. हे वजन शंभर मीटर उंच चढवायला जी ऊर्जा लागते, तिच्यासाठी इंजिन साधारण ३०० मिलिलिटर डिझेल जाळतं. चढ तीनशे मीटरचा असेल तर एक लिटरला थोडं कमी. सव्वातीन टन लोखंड आणि माल शंभर मजल्यांच्या इमारतीइतका वर न्यायचा आणि त्याला फक्त एक बाटलीभर तेल! ड्रायव्हरला मात्र यापेक्षा जास्त डिझेल लागतं, कारण चाकांचं घर्षण, वारा, वळणावर थांबून पुन्हा उचल घेणं, हे सगळं वेगळं मोजावं लागतं.

उतारावर हिशोब उलटा होतो. चढताना साठवलेली ऊर्जा उतरताना कुठेतरी टाकावी लागते आणि नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ती सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन शिरते. भरल्या गाडीची शंभर मीटर उतरणीची उष्णता साडेनऊ लिटर गार पाण्याला उकळी फोडायला पुरते. तीनशे मीटर उतरलात तर अठ्ठावीस-एकोणतीस लिटर, म्हणजे पाण्याचे दोन हंडे. म्हणून जुना ड्रायव्हर पोराला शिकवताना पहिलं वाक्य हेच सांगतो, की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. मग गाडीला आवरायचं काम इंजिन करतं आणि लायनर थंड राहतात. वळणावर थांबलेल्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ जळका वास येत असला, चाकामागे दगड लावलेला असला आणि ड्रायव्हर नुसता उभा असला, तर समजावं की तो गाडी निवण्याची वाट बघतोय. त्या वेळी त्याला घाई करू नये.

जास्त माल भरण्याबद्दल रस्त्यांच्या अभियंत्यांकडे एक विलक्षण नियम आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर दोन वर्षं भरलेले ट्रक फिरवून चाचण्या घेतल्या, त्यातून तो निघाला. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. या हिशोबाने दहा टनांचा एक ॲक्सल अडीच टनांच्या ॲक्सलपेक्षा रस्ता २५६ पट झिजवतो. म्हणजे पिकअपवाल्याने रस्त्याचं फारसं काही बिघडवलेलं नसतं. जास्त भरलं की मोडतात ते त्याच्याच गाडीचे पाटे आणि जातं ते त्याचंच घर. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. एकदा सापडलं की महिन्याची कमाई जाते.

याच हौद्यात पहाटे माणसंही बसतात, हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पंचवीस मजूर, सरासरी पन्नास किलो धरा, साडेबाराशे किलो होतात. पासिंगच्या आत. वजनकाटा काही बोलणार नाही. पण ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी गाडी आदळली, तर उभ्या माणसाला बसणारा दणका सहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. साठचा वेग असेल तर चौदा मीटर, चार-पाच मजले. टोमॅटोच्या जाळीला दोर बांधलेला असतो, त्या मजुरांना काहीच बांधलेलं नसतं. कायद्याने मालवाहू गाडीत माणसं बसवायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण नुसत्या बंदीने पहाटे चारला गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर कुणी पोहोचत नाही. त्या वेळेला हरसूलहून बस सुटली पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पिकअपने माल ओढून पोट भरणारी माणसं जगभर आहेत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एल्खार्ट नावाचा परगणा आहे. चाकांवरची फिरती घरं बहुतांश याच भागात बनतात. २०२१मध्ये अशी सहा लाखांवर वाहनं कारखान्यांतून बाहेर पडली. एकेक साडेसात मीटरचं धरलं तर रांग साडेचार हजार किलोमीटरची, आपल्या श्रीनगर-कन्याकुमारी महामार्गापेक्षा लांब. त्यातली ओढून न्यायची घरं देशभरच्या दुकानांपर्यंत पोहोचवणारे हजारो लोक स्वतःची पिकअप घेऊन हाच धंदा करतात. त्यांच्या गाड्या मात्र राक्षसी. रॅम ३५०० नावाच्या पिकअपचं इंजिन ६.७ लिटरचं, फिरवायचा जोर (टॉर्क) १,४५० न्यूटन-मीटरच्या वर. हरसूलच्या पिकअपचं अडीच लिटरचं इंजिन २००च्या आसपास देतं. सातपटीचा फरक.

तरी दोघांचं दुखणं एकच. भाडं मिळतं ते भरल्या वाटेचं. एल्खार्टहून लॉस एंजेलिसला तीन हजारांवर किलोमीटर घर ओढत नेलं, तरी येताना मागे अडकवायला काही नसतं आणि तेवढाच रस्ता पदरच्या डिझेलवर परतावा लागतो.

हरसूलचा आकडा मांडून बघा. नाशिकला जाऊन-येऊन ११० किलोमीटर. पावणेदोन टनांची गाडी दोन्ही वाटा धावली, म्हणजे एकशे साडेब्याण्णव टन-किलोमीटर. मालाचे दीड टन फक्त जाताना, म्हणजे साडेब्याऐंशी. एकूण २७५ टन-किलोमीटर ओढले, त्यातल्या फक्त तीस टक्क्यांचे पैसे मिळाले. बाकी सत्तर टक्के लोखंडच ओढलं. लिटरला बारा किलोमीटर धरले तर नऊ लिटर डिझेल, आजच्या दराने आठशे रुपयांच्या वर. टायर, ऑइल, विमा, हप्ता त्यानंतर.

येताना गाडी पूर्ण भरली तर तीस टक्क्यांचे सेहेचाळीस होतात. अंतर तेच, डिझेल थोडंच जास्त, पण भाडं दुप्पट. म्हणून नाशिकच्या मार्केटात सकाळी आठला जाळ्या उतरल्या की पिकअपवाला चहा घ्यायच्या आधी फोन लावतो. हरसूलच्या किराणा दुकानदाराला, बांधकामवाल्या ठेकेदाराला, खतवाल्याला. मृगाच्या आधी घरांवर घालायचे पत्रे, सिमेंट, बियाण्याच्या पिशव्या, लग्नसराईत मंडपाचं सामान. तीस पोती सिमेंट मिळालं तर काम झालं. वीसच मिळाली तरी तो निघतो. दहा मिळाली तर अकरापर्यंत थांबतो.