मोटारीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू

पिंपळे सौदागरमधील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळात सकाळी दहा मिनिटे फेरी मारली, तर तेथील मोटारींचे दोन वर्ग सहज पाडता येतात. काहींचे पुढचे दिवे पाण्यासारखे नितळ असतात. काहींचे मात्र पांढुरके, पिवळसर, जणू कोणी त्यांवरून ताकाचा हात फिरवला आहे. या दुसऱ्या वर्गातील गाड्याही रोज धुतल्या जातात, त्यांचा रंगही चकचकीत असतो. पण दिवे काही केल्या स्वच्छ होत नाहीत. ओले फडके फिरवले की ते क्षणभर उजळतात आणि पाणी वाळले की पुन्हा जैसे थे!

हे क्षणभर उजळणे हीच आपल्या कोड्याची किल्ली आहे. ती लावून पाहण्याआधी एक गैरसमज दूर करू या.

काच नसलेली काच

आपण सर्रास ‘हेडलाइटची काच’ म्हणतो, पण आजच्या मोटारीच्या दिव्यावर काच नसते. अँबॅसडर मोटारीचा गोल दिवा तुम्ही पाहिला असेल. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी जुन्या गाड्या अजून कोठे कोठे दिसतात. त्या दिव्यावर खरीखुरी जाड काच असे. तिच्यावरील उभ्या-आडव्या रेघा शोभेसाठी नव्हत्या. त्या लहान लहान लोलकांचे आणि भिंगांचे काम करीत व प्रकाश रस्त्यावर हवा तसा पसरवीत. आता हे काम बहुधा दिव्यामागचा खास आकाराचा आरसा किंवा आतले भिंग करते. पुढचे आवरण केवळ पारदर्शक झाकण म्हणून उरले आहे, आणि ते पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे असते.

पॉलिकार्बोनेट १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतील हेरमान श्नेल यांनी आणि जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केले. काचेची घनता पाण्याच्या सुमारे अडीच पट, तर याची जेमतेम १.२ पट. दगड लागला तर काच फुटते, हे सहसा फुटत नाही. साच्यात घालून त्याला हवा तो आकार देता येतो. अपोलो मोहिमेतील चांद्रवीरांच्या शिरस्त्राणांचे पारदर्शक घुमट याच प्लॅस्टिकचे होते. चष्म्याची भिंगे आणि पिण्याच्या पाण्याचे निळसर मोठे जारही त्यापासून करतात.

इतक्या गुणी पदार्थाचा एक दोष मात्र मोठा आहे. त्याला ऊन सोसत नाही.

उन्हाचे घाव

प्रकाश ऊर्जेच्या लहान लहान पुड्यांच्या रूपाने येतो. या पुडीला फोटॉन म्हणतात. तिच्यातील ऊर्जा काढण्याची युक्ती सोपी आहे: १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे, म्हणजे उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ७०० नॅनोमीटर धरली, तर त्याच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. उन्हातील अतिनील किरणांची (जुन्या पुस्तकांत यांना जंबुपार किरण म्हटलेले आढळेल) तरंगलांबी ३०० नॅनोमीटर घेतली, तर ती ४.१ येते.

प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूंत कार्बनचे अणू एकमेकांना ज्या बंधांनी धरून असतात, त्यांतला साधा बंध तोडायला साधारण ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे तांबडा फोटॉन बंधावर आदळून काही साधत नाही, पण अतिनील फोटॉन शोषला गेला तर बंध तुटू शकतो. तुटलेले तुकडे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात किंवा वेगळ्या रचनेत पुन्हा जुळतात. या नव्या रचना जांभळा व निळा प्रकाश शोषतात. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर दिसतो. त्याबरोबर पृष्ठभाग ठिसूळ होऊन त्याला बारीक भेगा पडतात, आणि धूळ व वाळूचे कण त्यावर आणखी ओरखडे काढतात.

कारखानदारांना हे ठाऊक असते. म्हणून कारखान्यातच आवरणावर एक टणक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. तो अतिनील किरण अडवतो आणि ओरखड्यांपासून रक्षण करतो. पण त्याची जाडी जेमतेम दहा मायक्रॉनच्या आसपास. तुमचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो! काही वर्षांच्या उन्हात हा लेप झिजतो, सोलतो, आणि मग खालचे प्लॅस्टिक उघडे पडते. धुरकट दिवा नीट पाहा. त्याची वरची, आकाशाकडे वळलेली बाजू बहुधा अधिक खराब असते. ऊन वरून येते, याचा तो पुरावाच.

दुधी काच आणि पाण्याचा थेंब

आता ओल्या फडक्याकडे वळू. न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच घ्या. तिच्या खरखरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका, किंवा पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा. तेवढ्या जागेतून पलीकडचे स्पष्ट दिसू लागते. काच तीच, मग फरक कशाने पडला?

खरखरीत पृष्ठभाग म्हणजे असंख्य सूक्ष्म टेकड्या आणि दऱ्या. प्रत्येक उतारावर प्रकाशकिरण वेगळ्या कोनात वळतो, आणि सरळ जाणारा झोत चहूकडे विखुरतो. किरण किती वळेल हे दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरकावर अवलंबून असते. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५८, हवेचा १, फरक ०.५८. दऱ्या पाण्याने भरल्या की हवेची जागा १.३३ अपवर्तनांकाचे पाणी घेते आणि फरक ०.२५ उरतो. किरण निम्म्याहूनही कमी वळतो. शिवाय पाण्याची वरची बाजू सपाट असते. म्हणून दिवा उजळतो, आणि पाणी वाळले की दऱ्यांत पुन्हा हवा शिरते.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, धुरकटपणा हा मळ नाही, पृष्ठभागाचा आकार बिघडला आहे. म्हणून साबणाने तो जाणार नाही. दुसरी, हे एक निदानही आहे. पाणी मारल्यावर दिवा स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घरी दुरुस्त होण्यासारखा आहे. पाण्यानेही फरक पडला नाही, तर भेगा खोल गेल्या आहेत किंवा दोष आतल्या बाजूला आहे. तेथे घासण्याचा उपयोग नाही.

आपल्या डोळ्यातील मोतीबिंदूचेही असेच असते. भिंगातील प्रथिनांच्या गुठळ्या प्रकाश विखुरतात, आणि मग दिसणे अंधूक होते व समोरचा दिवा डोळ्यांवर येतो.

सत्तावीस मीटरांचा हिशेब

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली सुमारे अकरा वर्षे जुन्या मोटारींचे दिवे तपासले. धुरकट दिव्यांतून खालच्या झोतात नव्या दिव्याच्या सुमारे २० टक्केच प्रकाश मिळत होता. दिवे घासून पुन्हा नितळ केल्यावर हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेले.

या आकड्यांचा अर्थ काय, ते पाहू. समजा, चाकणच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून एक जण मोशी, भोसरी, नाशिक फाटा या मार्गाने पिंपळे सौदागरला परततो आहे. वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. रस्त्यावरचे दिवे नसलेल्या एका टप्प्यावर गडद कपड्यांतील पादचारी रस्ता ओलांडतो आहे. नव्या दिव्यांच्या प्रकाशात तो ६० मीटरांवरून दिसतो असे धरू.

प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. प्रकाश पाचवा हिस्सा उरला, तर तेवढाच उजेड पडायला अंतर ५ च्या वर्गमुळाने भागले पाहिजे. ६० भागिले २.२४ म्हणजे सुमारे २७ मीटर.

आता थांबायला किती अंतर लागते? पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. नंतर दर सेकंदाला वेग सेकंदाला ६ मीटरने कमी होत गेला, तर आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. नवे दिवे असते तर गाडी वेळेत थांबली असती. धुरकट दिव्यांत मात्र ब्रेकवर पाय पडतो, तेव्हा पादचारी केवळ दोन मीटरांवर असतो.

दिवे ७० टक्के सुधारले, तर दिसण्याचे अंतर ६० गुणिले ०.८४, म्हणजे ५० मीटर होते. ४८ पेक्षा दोनच मीटर जास्त, पण त्या दोन मीटरांत एक माणूस वाचतो. हा हिशेब ढोबळ आहे. ओल्या रस्त्यावर अंतर आणखी वाढेल. तरी दिव्यांकडे लक्ष का द्यायचे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

हरवलेला प्रकाश नाहीसाही होत नाही. त्यातला काही वर उडतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. खालच्या झोताला वरून एक ठळक कड असते. धुरकट दिव्यात ती पुसट होते. म्हणून काही जण ६०/५५ वॉटचा दिवा काढून अधिक वॉटचा बसवतात, हा उपाय चुकीचा आहे. त्याने विखुरणारा प्रकाशही वाढतो आणि उष्णताही.

ओरखड्याने ओरखडा काढावा

उपाय ऐकायला विचित्र आहे: खरखरीत झालेला दिवा पॉलिश पेपरने घासायचा! यामागचे तत्त्व असे. मोठ्या टेकड्या घासून त्यांच्या जागी लहान टेकड्या करायच्या, मग त्याहून लहान. शेवटी त्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या मानाने नगण्य व्हायला हव्यात. तेवढे झाले की प्रकाशाच्या दृष्टीने पृष्ठभाग सपाट ठरतो. दुर्बिणीची भिंगे घासणारे कारागीर याच मार्गाने जातात.

कृती वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, सावलीत, दिवा बंद आणि थंड असताना करावी.

१. दिवा साबणाच्या पाण्याने धुवा. सभोवतालच्या रंगाला मास्किंग टेप लावा.

२. रंगाच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर घ्या: १००० क्रमांक, मग २०००, मग ३०००. क्रमांक वाढतो तसा कण बारीक होतो. १००० चा कण सुमारे १८ मायक्रॉनचा, २००० चा सुमारे १०. कागद आणि दिवा सतत ओला ठेवा. पाण्याने भुकटी वाहून जाते, प्लॅस्टिक तापत नाही आणि धूळ नाकात जात नाही.

३. एका कागदाने आडवे घासले, तर पुढच्याने उभे घासा. मागच्या कागदाच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते त्यामुळे कळते. सुरुवातीला दिवा आणखी पांढरा दिसेल, घाबरू नका.

४. प्लॅस्टिकचे पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन घासा. आता दिवा नितळ होतो.

५. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप पातळ थरांत द्या. हे काम मोकळ्या हवेत, ज्वालेपासून दूर करावे.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. घासताना जुन्या लेपाचा उरलासुरला भागही निघून जातो, आणि प्लॅस्टिक पूर्वीपेक्षा अधिक उघडे पडते. लेप दिला नाही, तर काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. टूथपेस्टने दिवा उजळतो हे खरे आहे, कारण तिच्यात बारीक घासणारे कण असतात. पण ती लेप देत नाही. पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन मात्र कधीही लावू नये. त्यांनी पॉलिकार्बोनेटला भेगा पडतात.

तुमच्यासाठी प्रकल्प

वाहनांच्या दिव्यांची तपासणी करताना २५ मीटर अंतरावर पडणाऱ्या प्रकाशाचे मापन करतात. आपल्या पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत अशा चाचण्यांची सोय आहे. तुम्हाला इतके अंतर आणि उपकरणे लागणार नाहीत. अंधार पडल्यावर सोसायटीच्या भिंतीपासून दहा मीटरांवर गाडी उभी करून खालचा झोत लावा. झोताच्या वरच्या कडेचे निरीक्षण करा, आणि मोबाइलमधील प्रकाशमापकाने भिंतीवरील ठरावीक ठिकाणांचे आकडे टिपा. दिवा घासल्यावर त्याच जागी पुन्हा टिपा. आकडे नेमके नसले तरी त्यांचे गुणोत्तर उपयोगी पडेल.

दुसरा प्रकल्प वर्गाने मिळून करावा. मालकांची परवानगी घेऊन पन्नास मोटारींची नोंद करा: गाडी किती वर्षांची, छपराखाली उभी राहते की उघड्यावर, तोंड कोणत्या दिशेला, आणि दिव्याचा धुरकटपणा शून्य ते तीन यांपैकी किती. आपण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे वर्षातील बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो. मग दक्षिणेकडे तोंड करून उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाड्यांचे दिवे लवकर धुरकटतात का? एकाच वयाच्या, पण वेगळ्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या गाड्यांची तुलना केली, तर उत्तर तुमच्या तक्त्यातच सापडेल. आणि ज्यांच्या दिव्याला तीन गुण पडतील, त्या मालकांना वरची कृती, विशेषतः पाचवी पायरी, जरूर समजावून सांगा.