समाजकार्य अभ्यासक्रमाची निवड : वयोगटानुसार प्रेरणांचा विचार

प्रास्ताविक

समाजकार्याच्या पदवी किंवा पदव्युत्तर वर्गाच्या प्रवेश-मुलाखतीत 'हा विषय का निवडला ?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. 'मला समाजसेवा करावयाची आहे' हे त्याचे ठरलेले उत्तर असते. नुकतीच बारावी झालेली मुलगी, तिशी ओलांडलेली अंगणवाडी सेविका आणि सेवानिवृत्त मुख्याध्यापक हे तिघेही हेच वाक्य उच्चारतात. त्यामागील कारणे मात्र वेगवेगळी असतात. ही कारणे शिक्षकाला ठाऊक नसली तर क्षेत्रकार्याची जागा चुकते, मार्गदर्शन अपुरे पडते आणि होतकरू विद्यार्थी मध्येच अभ्यास सोडतो. म्हणून वयोगटानुसार या प्रेरणांचे स्वरूप कसे बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समाजसेवा आणि समाजकार्य

समाजसेवा ही वृत्ती आहे. समाजकार्य हा प्रशिक्षणाने साध्य होणारा व्यवसाय आहे. भारतात या शिक्षणाची सुरुवात १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेने झाली. नागपाडा येथील नेबरहूड हाऊस या वस्ती-केंद्राचे काम पाहणारे डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट हे तिचे पहिले संचालक होते. १९४४ मध्ये या संस्थेला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले. पुढे बडोदा, इंदूर, हैदराबाद, पुणे अशा अनेक ठिकाणी हे शिक्षण उपलब्ध झाले. केवळ सेवाभाव पुरेसा नसून वस्तीतील प्रश्न समजून घेण्यासाठी शास्त्र व कौशल्य लागते, ही या शिक्षणामागील मूळ धारणा आहे. त्यामुळे 'नोकरीसाठी आलो' असे सांगणारा विद्यार्थी कमी प्रतीचा ठरत नाही.

१) अठरा ते पंचवीस वर्षे

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते 'मी कोण ?' या प्रश्नाचा शोध हे किशोरवयाचे मुख्य कार्य होय. आपल्याकडे शिक्षण लांबल्यामुळे हा शोध महाविद्यालयातही चालू असतो. या वयात निवड पुष्कळदा परिस्थितीने ठरते. पदव्युत्तर अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश घेता येतो. त्यामुळे कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा मार्ग खुला वाटतो. घरातील पहिलीच पदवीधर मुलगी असेल तर 'रुग्णालयात किंवा शाळेत समुपदेशकाची नोकरी मिळेल' हा विचार घरच्यांनाही पटतो. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये समुपदेशकांची तरतूद झाली. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करावे लागतात. त्यातूनही प्रशिक्षित व्यक्तींना संधी मिळू लागली.

या गटात आणखी एक प्रेरणा आढळते. घरातील व्यसन, आजारपण, पालकाचा अकाली मृत्यू किंवा मिळालेली अपमानास्पद वागणूक यातून काहीजण या विषयाकडे वळतात. स्वतः सोसलेले असल्याने त्यांना दुसऱ्याचे दुःख लवकर कळते. परंतु क्षेत्रकार्यात तसेच कुटुंब समोर आले की जुनी जखम उघडी पडण्याचा धोकाही असतो.

२) सव्वीस ते चाळीस वर्षे

या गटातील विद्यार्थी बहुधा काम करून आलेले असतात. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील सेविका, आरोग्य प्रकल्पातील कार्यकर्ते आणि स्वयंसेवी संस्थांतील कर्मचारी यात असतात. वस्ती त्यांना पाठ असते. अहवाल लिहिणे, प्रकल्प आखणे आणि बढतीसाठी लागणारी पदवी यांची उणीव असते. मुले शाळेत जाऊ लागल्यावर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या स्त्रियाही याच गटात येतात. प्रौढ विद्यार्थी स्वतःच्या अनुभवाच्या आधारे आणि समोरील समस्येच्या संदर्भात शिकतो, हे माल्कम नोल्स यांचे प्रतिपादन येथे तंतोतंत लागू पडते. अशा विद्यार्थ्याला केवळ व्याख्या पाठ करावयास लावल्यास त्याची गोडी ओसरते.

३) चाळिशीनंतर

एरिक्सन यांनी मध्यम वयाचा संबंध पुढील पिढीसाठी काही करण्याच्या ओढीशी जोडला आहे. नोकरी स्थिरावलेली असते, मुले मार्गी लागलेली असतात आणि 'आता समाजाचे देणे फेडावे' असे वाटू लागते. कमाल वयोमर्यादा नसलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांमुळे ही इच्छा पूर्ण करणे सोपे झाले. या वयातील अनुभवाला कायद्यानेही स्थान दिले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांचे किमान वय २०१६ च्या आदर्श नियमांत ३५ वर्षे ठेवले आहे. या गटाची अडचण वेगळी आहे. आयुष्यभर सल्ला देण्याची सवय जडलेली असल्याने समोरच्याचे शांतपणे ऐकून घेणे त्यांना नव्याने शिकावे लागते.

शिक्षकांसाठी काही सूचना

१) मुलाखतीत 'का निवडला ?' याऐवजी 'येथपर्यंत कसे पोहोचलात ?' असे विचारावे. ठरलेले उत्तर मागे पडते व खरी परिस्थिती समजते.

२) नोकरीची अपेक्षा बोलून दाखवणाऱ्याचे गुण कापू नयेत. तसे केल्यास विद्यार्थी खरे बोलणे टाळतात आणि गरीब घरच्या मुलींचे त्यात अधिक नुकसान होते.

३) स्वतःच्या दुःखातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात त्याच प्रकारच्या केंद्रात पाठवू नये. आधी त्याच्याशी एकांतात बोलावे व त्याने सांगितलेले गुप्त ठेवावे.

४) अनुभवी विद्यार्थ्याला तो काम करीत असलेल्या विषयापेक्षा वेगळे क्षेत्र द्यावे. वर्गात मात्र त्याच्या अनुभवावर चर्चा घडवावी.

५) क्षेत्रकार्याचे गट मिश्र वयाचे करावेत. तरुणाला धीर मिळतो आणि वडीलधाऱ्याला ऐकण्याची सवय लागते.

समारोप

तरुण विद्यार्थी स्वतःची वाट शोधत येतो, मध्यम वयाचा आपल्या कामाला मान्यता मिळावी म्हणून येतो आणि चाळिशीपुढचा आपले संचित वाटण्यासाठी येतो. ही विभागणी स्थूल आहे. एकाच व्यक्तीत तिन्ही प्रेरणा असू शकतात. प्रवेशाच्या वेळची प्रेरणा ही केवळ सुरुवात असते. पोटासाठी आलेला विद्यार्थी उत्तम कार्यकर्ता होऊ शकतो आणि सेवेच्या ध्यासाने आलेला पहिल्या वर्षीच खचू शकतो. त्यांपैकी काय घडेल, हे बऱ्याच अंशी क्षेत्रकार्याच्या पहिल्या काही महिन्यांत शिक्षक त्याच्याकडे किती लक्ष देतो यावर अवलंबून असते.